वर्डल: सहा संधी वाया घालवू नका

न्यूयॉर्क टाइम्सचं वर्डल रोज पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द ओळखायला देतं, संधी सहा. सुरुवात 'स्लेट' किंवा 'क्रेन'ने करावी. 'ऑडिओ'त चार स्वर तपासून होतात खरे, पण शब्द उलगडतो व्यंजनांवरून.

खरी गोची चार अक्षरं हिरवी, म्हणजे योग्य जागी बरोबर, झाल्यावर होते. शेवटी आय-जी-एच-टी जुळलं की लाइट, नाइट, माइट, फाइट, साइट, टाइट सगळेच उरतात; एकेक टाकत बसलात तर डाव गेलाच. तिथे 'फिल्म्स' टाका, एफ, एल, एम, एस एका फटक्यात तपासले जातात. हार्ड मोडमध्ये मिळालेल्या खुणा पुढच्या प्रत्येक शब्दात वापराव्याच लागतात, त्यामुळे ही मुभा नाही, म्हणून नवख्यांनी तो बंदच ठेवावा.

दोनदा टाकलेलं अक्षर एकदा पिवळं (शब्दात आहे, पण जागा चुकली), एकदा राखाडी (एरवी 'शब्दात नाही') आलं, तर ते उत्तरात एकदाच आहे. ही खूण फार कामाची, आणि बरेच जण नेमकी तीच चुकीची वाचतात.