नम्पाय २.० ची आरसी: आडतीच्या हिशोबावर घासून पाहिलेली

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानाच्या पट्ट्या, म्हणजे शेतमालाच्या हिशोबाच्या पावत्या, काढायचा प्रोग्राम माझा आहे. मुनीमजींच्या टेबलावर विंडोज, माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आणि पुतणीकडं एम-वनचं मॅकबुक. तो नम्पायवर, म्हणजे पायथन भाषेतल्या आकडेमोडीच्या लायब्ररीवर चालतो. एप्रिल २०२४ मध्ये नम्पाय २.० ची रिलीज कँडिडेट (आरसी, म्हणजे पक्कीच्या आधीची चाचणीची आवृत्ती) आली, ती मी या तिन्हींवर चालवली. २००६ च्या १.० नंतर पहिल्यांदाच आवृत्तीतला पहिला आकडा बदलत होता, पण मला ओढ होती एकाच गोष्टीची.

दुकानाचे सगळे पैसे मी पैशांतच, पूर्णांकात ठेवतो, म्हणजे अपूर्णांकाची भानगड नको. मागच्या सोयाबीनच्या हंगामात विंडोजवर एकूण बेरीज उणे आली. मुनीमजी म्हणाले, "दादा, हे उणे कशाचं? आपलं देणं का घेणं?" तीच फाईल उबुंटूवर बरोबर. एरर नाही, साधी सूचनासुद्धा नाही. दोन रात्री गेल्या तेव्हा कळलं: विंडोजवर सी भाषेतला 'लाँग' हा पूर्णांकाचा प्रकार चौसष्ट बिटच्या मशीनवरही बत्तीस बिटचाच असतो, आणि जुन्या नम्पायचा नेहमीचा पूर्णांक त्यालाच बांधलेला. त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. पैशांत मोजलं तर सव्वादोन कोटी रुपयेही मावत नाहीत.

म्हणून आरसीसाठी बेरीज बरोब्बर तीन कोटी रुपये येईल अशी फाईल मुद्दाम केली आणि या चुकीवर मी कोडमध्ये घातलेली सगळी ठिगळं काढली. विंडोजवर जुन्या १.२६ नं उत्तर दिलं उणे १,२९,४९,६७२ रुपये ९६ पैसे. आरसीनं दिलं ३,००,००,०००. तिन्ही मशीनवर एकच आकडा. आता चौसष्ट बिटच्या विंडोजवरही नेहमीचा पूर्णांक चौसष्ट बिटचा आहे. एवढ्यासाठी तरी ही आवृत्ती मला मनापासून आवडली.

पण जुन्या साठवलेल्या फायलींना हा बदल शिवत नाही, हे ज्यांची कामं विंडोजवर झाली त्यांनी आवर्जून तपासावं. त्यातले आकडे बत्तीस बिटचेच उघडतात. बेरीज नवीन आवृत्ती सांभाळून घेते, गुणाकार नाही. ५० क्विंटल म्हणजे ५,००० किलो, भाव क्विंटलला ४,६०० रुपये म्हणजे ४,६०,००० पैसे. शंभरनं भागायच्या आधीच गुणाकार २३० कोटींवर जातो आणि पट्टी पुन्हा उणे. फाईल उघडल्याबरोबर चौसष्ट बिटमध्ये बदलून घेतली की झालं.

मॅकवर भावाचा कल काढणाऱ्या कोडच्या माझ्या चाचण्या पडल्या, कारण मॅकओएस १४ साठीची नम्पायची तयार बांधणी ॲपलची ॲक्सलरेट ही गणिताची लायब्ररी वापरते आणि दशांशातले शेवटचे अंक थोडे वेगळे येतात. चूक माझ्या चाचणीची होती. दशांश तंतोतंत जुळवायचेच नसतात. कॅपिटल अक्षरांतला 'नॅन' (आकडा नाही, अशी खूण) यासारखी नव्या आवृत्तीतून काढून टाकलेली नावं तिन्हीकडं एकदमच अडली, ती रफ या कोड तपासणाऱ्या साधनानं बदलून दिली.

खरी अडचण आली एका जुन्या एक्सेल-जोडणीच्या पॅकेजची. ती १.x वर कंपाइल केलेली, त्यामुळं २.० खाली चालेनाच. आरसी असते ती यासाठीच: पॅकेजवाल्यांना नव्या आवृत्तीवर बांधणी करायला अवधी मिळतो. म्हणून आरसी नेहमी वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे चालू कामापासून अलग कप्प्यात टाकावी. 'प्री' हा पर्याय दिल्याशिवाय पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं आणणारं साधन, ती आणतही नाही. मुनीमजींच्या चालू हिशोबाला मी हात लावला नाही.

पक्की आवृत्ती १६ जून २०२४ ला आली. पेरण्यांचे दिवस, यार्डात आवक कमी. जोडणीची नवी बांधणी मिळाल्यावर एका दुपारी विंडोजवर बदल केला आणि मुनीमजींसमोर हंगामाची बेरीज पुन्हा काढली. त्यांनी आपल्या वहीतल्या आकड्याशी ती ताडून पाहिली आणि वही मिटली.