टेसरॅक्ट आणि जुनी मराठी पुस्तके: ग्रंथालयाच्या कामाला कितपत येते?

दुर्मीळ पुस्तक स्कॅन केले की ते जपले जाते, पण शोधता येत नाही. संगणकाच्या लेखी ती तीनशे पानांची तीनशे चित्रे असतात. ‘प्लेग’ किंवा ‘पंढरपूर’ हा शब्द कोणत्या पानावर आहे ते कळायचे, तर चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर तयार करावा लागतो. याला ओसीआर म्हणतात. आज हे काम न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना करते, म्हणजे ग्रंथालयाच्या अगदी रोजच्या गरजेला उपयोगी पडणारी ही कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे. इतक्या जुन्या परंपरेच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडून कडेने तुटतो आहे. कोणते साधन घ्यायचे, हा निर्णय फार काळ टाळता येणार नाही.

टेसरॅक्ट हे असेच ओसीआर करणारे साधन. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि इंटरनेटशिवाय ग्रंथालयातल्याच संगणकावर चालते. एचपी कंपनीत १९८५पासून त्याचे काम सुरू झाले, २००५मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि पुढे अनेक वर्षे गूगलने त्याला आधार दिला. २०१८च्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क आले. मराठीसाठी त्याआधीच्या आवृत्त्यांचा विचारच करू नये. २०२१ची पाचवी किंवा तिच्यानंतरची कोणतीही चालेल.

विंडोजवर बसवण्याचा तयार इन्स्टॉलर जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाचे ग्रंथालय देते. या ग्रंथालयाने १८१९ ते १९४५ या काळातल्या एका सरकारी जर्मन वृत्तपत्राची पाने वाचण्यासाठी हे साधन वापरले आणि त्यात स्वतः सुधारणाही केल्या. एआयला सामोरे जाण्याची ही रीत मनापासून आवडण्यासारखी आहे. बाजारात येईल ते विकत घेण्याऐवजी ग्रंथालयच साधन घडवणाऱ्यांत जाऊन बसले.

बसवताना पहिली चूक ठरलेली असते. इन्स्टॉलरमध्ये जादा भाषांच्या यादीत जाऊन मराठीवर खूण करावी लागते. ती राहिली तर फक्त इंग्रजी येते आणि देवनागरी पानातून रोमन अक्षरांचा कचरा बाहेर पडतो. दुसरी चूक लगेच लक्षात येत नाही. मराठीची मॉडेल्स, म्हणजे अक्षरे ओळखायला शिकवलेल्या फाइली, तीन संचांत मिळतात: साधा, जलद आणि उत्तम. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजमधून येतो तो जलद संच. जुन्या छपाईसाठी उत्तम संचातली मराठीची फाइल वेगळी उतरवून घ्यावी आणि त्याच नावाच्या आधीच्या फाइलच्या जागी ठेवावी. ती बरीच संथ चालते, पण रात्रभर संगणक चालू ठेवला तर त्याने काही बिघडत नाही. दोन्ही लिपी देवनागरीच, म्हणून मराठीबरोबर हिंदीचे मॉडेलही जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण ळ आणि ऱ्य यांचा घोळ त्याने वाढतो. पानावर खरोखर इंग्रजी किंवा संस्कृत मजकूर असेल तेव्हाच ती भाषा जोडावी.

निकाल चांगला येतो की वाईट, हे मात्र बहुतांशी टेसरॅक्टच्या आधीच, स्कॅनिंगच्या टेबलावर ठरते.

३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) हा किमान आकडा धरा. तळटीपा बारीक असतील तर ४००. त्यापुढे गेल्यास फाइल फुगते, अचूकता फारशी वाढत नाही. साडेपाच बाय साडेआठ इंचांचे पान ३०० डीपीआयला १६५० बाय २५५० पिक्सेलचे होते. रंगीत आणि न दाबता ठेवले तर एका पानाला साधारण साडेबारा एमबी, आणि तीनशे पानांना पावणेचार जीबीच्या आसपास जागा लागते. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर अशी अडीचशेच्या वर पुस्तके मावतात. शिवाय दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवायची असते, ती धरून खर्च काढावा. शिवण घट्ट असलेले पुस्तक सपाट स्कॅनरवर दाबू नये, पाठ फुटते. वरून कॅमेरा असलेला स्कॅनर घ्यावा आणि पुस्तक व्ही आकाराच्या आधारावर ठेवावे. मागच्या बाजूची छपाई पुढे उमटत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवावा. इतक्या साध्या उपायाने होणारा फरक कोणतीही सेटिंग करून देत नाही.

पाने सरळ करायला स्कॅनटेलर ॲडव्हान्स्ड हे मोफत साधन उत्तम आहे. दिशा, पानांची फाळणी, तिरपेपणा, मजकुराची चौकट, समास आणि अंतिम फाइल अशा सहा पायऱ्यांत ते काम करते. धोका शेवटच्या पायरीत आहे. तिथे बारीक डाग पुसण्याची सोय असते आणि काळ्या-पांढऱ्या रूपात ती आपले अनुस्वारही डाग समजून पुसते. ‘अंत’चा ‘अत’ होतो, ‘मंद’चा ‘मद’. ही सोय देवनागरीच्या मुळावर येते. डाग पुसणे बंद ठेवा आणि फाइल करड्या छटांत काढा. काळे-पांढरे करण्याचे काम टेसरॅक्ट स्वतः करते. पिवळ्या, डागाळलेल्या पानांसाठी पाचव्या आवृत्तीत त्याची सौवोला नावाची वेगळी पद्धत आहे, ती क्रमांक २ देऊन चालू करता येते.

पानाच्या मांडणीची सेटिंगही पाहून घ्यावी. सरळ एका स्तंभातल्या कादंबरीला ६ क्रमांक चांगला चालतो. दोन स्तंभांच्या मासिकाला तोच दिला तर डावी-उजवी ओळ एकत्र वाचली जाते आणि मजकुराचा चिवडा होतो. तिथे मूळचा ३ क्रमांकच ठेवावा. पूर्ण पुस्तकासाठी ओसीआरमायपीडीएफ वापरणे सोयीचे. ते चित्राखाली अदृश्य मजकुराचा थर घालून शोधता येणारी पीडीएफ करते. त्याचीही मूळ भाषा इंग्रजी असते, मराठी दरवेळी सांगावी लागते. मजकुराची वेगळी फाइल काढण्याचा पर्याय त्यात आहे, तो नेहमी वापरा. काही पीडीएफ वाचकांत देवनागरी मजकूर कॉपी करताना मोडतो, तेव्हा हीच फाइल कामी येते.

आता अचूकता. गेल्या तीस-चाळीस वर्षांतली स्वच्छ ऑफसेट छपाई टेसरॅक्ट छान वाचते. खिळ्यांच्या छपाईत अक्षर झिजलेले आणि शाई पसरलेली असली की घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची अदलाबदल होते, ‘ख’चा ‘रव’ होतो, जोडाक्षरे फुटतात. शिळाप्रेसची पुस्तके आणि पोथ्या यांच्यावर वेळ घालवू नये. मोडीचे मॉडेल तर अधिकृत संचात नाहीच. एका पानावर १८०० अक्षरे आणि दोन टक्के चूक म्हटले तर ऐकायला थोडे वाटते. पण त्या ३६ चुका झाल्या, आणि पानावर शब्द असतात सुमारे तीनशे. म्हणजे जवळजवळ दर आठवा शब्द बिघडलेला असू शकतो. म्हणून पुरवठादार ‘९८ टक्के अचूक’ म्हणाला की अक्षरांत की शब्दांत, हे आधी विचारा. स्वतःच्या संग्रहातली दहा पाने हाताने तपासून आकडा काढा आणि मगच करार करा.

अक्षरे बरोबर आली तरी शोध फसतो, याचे कारण जुने शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम येण्याआधी ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘त्यानें’ असेच छापले जाई. वाचक ‘नाही’ टाइप करतो आणि त्याला काहीच सापडत नाही. याशिवाय युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सांकेतिक पद्धतीच्या, दोन भानगडी आहेत. ऱ्य हे अक्षर ‘ऱ’पासूनही बनते आणि ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावूनही. ॲ हे एक अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखी, शोधयंत्राला वेगळी. उपाय असा: मूळ मजकूर आहे तसा ठेवायचा आणि शोधासाठी त्याची दुसरी प्रत करून त्यात ही रूपे एकसारखी करायची, अनुस्वार असला-नसला तरी शब्द सापडेल असे करायचे. मूळ मजकुरातले जुने अनुस्वार कोणी ‘दुरुस्त’ करायला बसला तर त्याला थांबवा. ते पुस्तकाचे वय सांगतात.

इथेच चॅटबॉटचा प्रश्न येतो. पानाचा फोटो दिला की तो नीटनेटका मराठी मजकूर देतो आणि बघणारा खूश होतो. पण तो ‘नाहीं’चे ‘नाही’ करतो, वाळवीने खाल्लेला शब्द अंदाजाने भरतो, कधी एखादी ओळ गाळतो, आणि यातले काहीच सांगत नाही. टेसरॅक्टची चूक ‘रवर्च’ अशी दिसते आणि कोणाच्याही नजरेत येते. चॅटबॉटची चूक अस्खलित मराठीत असते. शिवाय टेसरॅक्ट प्रत्येक शब्दाची पानावरची जागा आणि शंभरपैकी खात्रीचा गुण तक्त्याच्या फाइलमध्ये देते. पानाची सरासरी काढून सर्वांत कमी गुणांची पाने आधी पुन्हा स्कॅन करावीत, आणि साठच्या खालचे शब्द तपासनिसापुढे ठेवावेत. जतनाच्या कामासाठी म्हणूनच टेसरॅक्ट निवडावे. चॅटबॉट फार तर तपासनिसाला अडलेला शब्द सुचवण्यापुरता ठेवावा.

एकाच छापखान्याची पुष्कळ पुस्तके असतील तर मॉडेलला त्या खिळ्यांचे जादा प्रशिक्षण देता येते. त्यासाठी एकेका ओळीचे चित्र आणि तिचा हाताने तपासलेला मजकूर अशा काहीशे जोड्या लागतात. सुरुवात उत्तम संचातल्या मॉडेलपासून करावी, जलद संचावर हे होत नाही. लिनक्स जाणणारा माणूस मात्र हवाच.

कायद्याची बाजू सोपी आहे. ग्रंथालय ना-नफा सार्वजनिक असेल आणि छापील प्रत त्याच्याकडे असेल, तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मुभा देते. ती इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवणे ही वेगळी गोष्ट. तिथे लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर साठ वर्षे मोजायची. १९६४मध्ये वारलेल्या लेखकाचे लेखन १ जानेवारी २०२५ला मुक्त झाले. अनुवादक आणि प्रस्तावनाकार यांची वर्षे वेगळी तपासावीत, बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

तपासणीसाठी मराठी विकिस्रोत या जुनी पुस्तके मोफत वाचायला ठेवणाऱ्या संकेतस्थळाची पद्धत उचलावी. डावीकडे मजकूर, उजवीकडे पानाचे चित्र. एकाने तपासले की पान पिवळे, दुसऱ्याने पडताळले की हिरवे. हिरवे पान होईपर्यंत मजकूर फक्त शोधासाठी वापरायचा, वाचकाला पानाचे चित्रच दाखवायचे. या कामाला जुनी वळणे वाचलेले ज्येष्ठ सभासद सर्वांत योग्य. त्यांना मोठा पडदा द्या, दिवसाला दहाच पाने द्या, आणि फाइलच्या नावात दाखल क्रमांक घाला, म्हणजे शंका आली की कपाटातले मूळ पुस्तक लगेच हाती लागेल.