आयरिश खापरपणजोबाचं गाव शोधताना: 'आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई' कितपत कामाची?

जालना, हिंगोली, अंबाजोगाई, संभाजीनगरची छावणी, पूर्णेची रेल्वे कॉलनी. इथल्या काही ख्रिस्ती घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं: 'आपला खापरपणजा आयरिश होता.' बस्स, तेवढंच. गाव नाही, त्याच्या बापाचं नाव नाही, पलटणही नाही. अशा घरातलं कुणी शोधाला बसलं की पहिल्यांदा हमखास सापडते ती आयर्लंड सरकारची फुकट साइट, आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई.

निकाल आधीच सांगून टाकतो. गावाचं नाव हातात असेल तर या साइटला पाचपैकी साडेचार. नसेल तर दोन, आणि तेही फुकट आहे म्हणून. गट नंबर आणि गाव माहीत नसताना सातबारा शोधायला बसलेल्या माणसाची जी गत होते, तीच इथे होते.

साइटवर काय आहे ते बघू. आयर्लंडमध्ये जन्म, मृत्यू आणि सगळ्यांची लग्नं यांची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिक सोडून बाकीच्यांची लग्नं मात्र १८४५ पासूनच नोंदली जात होती. त्या नोंदवह्यांची मूळ पानं इथे जशीच्या तशी दिसतात, डाउनलोड होतात आणि एक पैसाही लागत नाही. खाजगीपणासाठी जन्माची नोंद १०० वर्षांनी, लग्नाची ७५ वर्षांनी आणि मृत्यूची ५० वर्षांनी खुली होते. जन्माच्या ओळीत बापाचं नाव, धंदा, राहतं ठिकाण आणि आईचं माहेरचं आडनाव असतं. लग्नाच्या ओळीत दोघांच्या बापांची नावं आणि धंदे असतात, आयांची नावं नसतात. मृत्यूच्या नोंदीत आईबापांचा पत्ताच नसतो. वय, धंदा, कारण आणि वर्दी कुणी दिली एवढंच. म्हणून मृत्यूची नोंद शेवटी बघा. वर्दी देणाऱ्याच्या रकान्यात मुलगी किंवा पुतण्या निघाला तर तिचाही उपयोग होतो.

अडचण सूचीत आहे. १९०० च्या आधीच्या जन्मांच्या सूचीत आईचं आडनाव येत नाही. टिपरेरी परगण्यात (काउंटीत) 'रायन' आडनावाचा 'पॅट्रिक' शोधलात तर यादी लांबत जाते आणि आई कोण हे बघायला एकेक पान उघडावं लागतं. तिथे रायन इतके की खुद्द गावकऱ्यांनीच घराण्यांना टोपणनावं लावून ठेवलीत. आपल्याकडे एकाच आडनावाची निम्मी गल्ली असली की 'वाड्यावरचे' आणि 'मळ्यातले' असं म्हणतात, तसंच. शिवाय सूचीतला 'जिल्हा' म्हणजे परगणा नव्हे. तो नोंदणीचा जिल्हा असतो, त्याची हद्द जुन्या गरीबखान्याच्या व्यवस्थेवरून आखलेली, आणि ती कधीकधी दोन परगण्यांत पसरते. परगण्याचं नाव धरून चाळणी लावली की नेमका आपला माणूस गळतो.

तारखांवर फार विसंबू नका. मुदत उलटून गेली की दंड बसायचा, म्हणून उशिरा आलेला बाप जन्मतारीख सर्रास पुढे ढकलायचा. चर्चच्या वहीत बाळाचा बाप्तिस्मा सरकारी जन्मतारखेच्या आधी झालेला दिसतो तो त्यामुळे. गुरुजींनी अख्ख्या वर्गाला १ जून ही जन्मतारीख दिलेल्या मराठवाड्यात याचं कुणाला नवल वाटू नये.

१८६४ च्या आधीचं काय? इथेच खरं दुखणं आहे. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या कोर्टांच्या आवारातला सरकारी दप्तरखाना जळून खाक झाला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे जवळपास सगळे कागद त्यात गेले. १८६१ आणि १८७१ चे सरकारनेच आधी नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्याला गेले. पूर्ण शिल्लक राहिल्या त्या १९०१ आणि १९११ च्या. दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहेत. १९११ च्या फॉर्मवर लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि किती जिवंत आहेत असे तीन रकाने आहेत. ते सोन्यासारखे आहेत, कारण परदेशी गेलेल्या पोराचा हिशेब त्यातच लागतो. जन्मगावाच्या रकान्यात मात्र बहुतेकांनी नुसता परगणा लिहिलाय.

त्याआधीच्या काळासाठी 'ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन' बघा. १८४७ ते १८६४ या काळात झालेली जमीनमोजणी, 'आस्क अबाउट आयर्लंड' या साइटवर फुकट, नकाशासकट. निजामकाळच्या नोंदी आणि खासरा पत्रकं चाळलेल्या माणसाला ती पाच मिनिटांत कळते: टाउनलँडचं नाव, कूळ, मालक, जमिनीचं वर्णन, क्षेत्र, आकार. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीपेक्षाही लहान हद्द, देशभरात अशा ६० हजारांहून जास्त. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये असतं. चार रूडांचा एक एकर, म्हणजे एक रूड बरोबर दहा गुंठे, आणि चार पर्च म्हणजे एक गुंठा. '६ एकर २ रूड' वाचलं की साडेसहा एकर, आकडेमोड संपली. याहून जुनी टाइथची, म्हणजे चर्चच्या दशांश कराची, पुस्तकं १८२३ ते १८३७ ची आहेत. तिथे मात्र जपून, कारण बऱ्याच ठिकाणी त्यात आयरिश एकर धरलाय आणि तो नेहमीच्या एकराच्या १.६२ पट मोठा असतो. दोन्हींत फक्त जमीन कसणारा किंवा घर धरणारा सापडतो. बायका-मुलं, मजूर यांची नावं शोधत बसू नका.

कॅथलिक चर्चच्या वह्या आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये फुकट टाकल्या, साधारण १८८० पर्यंतच्या. तिथे सूची नाही, नुसत्या मायक्रोफिल्मच्या प्रतिमा आहेत, काही फिकट आणि पुष्कळशा लॅटिनमध्ये. जेम्स हा 'जेकोबस' होतो, विल्यम 'गुलिएल्मस'. ब्रिजेट कधी 'बिडी', कधी 'डीलिया'. होनोरा, नोरा आणि हॅना या तिघी एकच असू शकतात. आडनावापुढचं 'ओ' आणि 'मॅक' येतं-जातं, त्याच्यासकट आणि त्याच्याशिवाय असं दोन्ही प्रकारे शोधा. धर्ममाता-धर्मपित्यांची नावं टिपायला विसरू नका, बहुतेक वेळा ते मामा, काका, मावशी असतात. हाताने वाचायचा कंटाळा असेल तर 'रूट्सआयर्लंड' ही परगण्यांच्या वारसा केंद्रांची साइट आहे, सूची चांगली, पण वर्गणी भरावी लागते. सरकारी साइटवर चर्चच्या सूचीबद्ध नोंदी मुख्यतः डब्लिन शहर, केरी, कार्लो आणि कॉर्कचा काही भाग एवढ्याच. उत्तरेकडच्या सहा परगण्यांच्या १९२२ नंतरच्या नोंदी तर तिथे नाहीतच, त्यासाठी उत्तर आयर्लंडची वेगळी, पैसे घेणारी सरकारी साइट आहे.

आता मूळ प्रश्न. गाव कुठून आणायचं? आधी भारतातल्या कागदांतून. चर्चच्या नोंदींच्या ज्या प्रती लंडनला गेल्या त्या ब्रिटिश लायब्ररीत इलाख्यांप्रमाणे लावलेल्या आहेत: एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. मराठवाडा मुंबईला जवळ म्हणून लोक एन/३ मध्ये शोधतात आणि हात हलवत परततात. जालन्याच्या छावणीत मद्रासची फौज असायची, तेव्हा आधी एन/२ बघा. 'फाइंडमायपास्ट'वर या प्रतिमा पैसे भरून दिसतात. 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी'च्या फुकट सूचीतही एकदा शोधून घ्या. जालना जुन्या स्पेलिंगमध्ये जे-ए-यू-एल-एन-ए-एच असं असतं, आणि अंबाजोगाई 'मोमिनाबाद' म्हणूनच सापडेल. बायको इथली असेल तर बऱ्याचदा तिचं बाप्तिस्म्याचं एकेरी नाव तेवढं मिळतं, माहेर गायब.

साधा गोरा शिपाई असेल तर लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातले डब्ल्यूओ ९७ हे निवृत्तीचे कागद. त्यात जन्माचा पॅरिश (एका चर्चची हद्द), जवळचं शहर आणि परगणा, तिन्ही एकाच ओळीत भरलेले असतात. १८८३ च्या आधीचे कागद मात्र पेन्शन मिळालेल्यांचेच. इथेच मेला असेल तर निघणार नाहीत. हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या पैशांवर चालणाऱ्या फौजेत शिपाई हिंदुस्थानी आणि वरचे अधिकारी गोरे, तेव्हा तिथला पूर्वज बहुधा अधिकारीच. त्याच्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीचे १७८९ ते १८६० चे कॅडेट पेपर्स, म्हणजे अधिकारी भरतीचे कागद, ज्यांना बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो.

यातून गाव निघालं नाही तर उरतात लांबचे नातेवाईक, आणि डीएनए चाचणीच्या साइट्‌स. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरातल्या तरण्या पोराची लाळ पाठवणं. खापरपणजोबाचा वाटा त्याच्यात सरासरी सव्वासहा टक्के, आईत साडेबारा, आजीत पंचवीस. त्या शिपायाच्या भावाबहिणींचे आयर्लंडमधले पोराच्याच पिढीतले वंशज त्याचे चौथ्या पिढीचे चुलत लागतात, सरासरी मेळ ३५ सेंटिमॉर्गन (डीएनए किती जुळतो याचं माप), आणि अशा नात्यातल्या निम्म्या लोकांशी मेळ दिसतच नाही. आजीला तिच्याच पिढीतले तिकडचे वंशज दुसऱ्या पिढीचे चुलत, सरासरी २२९ सेंटिमॉर्गन, जवळजवळ हमखास दिसणारे. आजी हयात असेल तर चाचणी आजीचीच करा. स्थानिक मेळांकडे मात्र सावधपणे बघा. मामाच्या मुलीशी लग्नं होत आलेल्या घरांत आकडा फुगतो आणि लांबचा माणूस जवळचा भासतो.

मेळ सापडला की निरोप चार ओळींचा पाठवा. कुणाची चाचणी, मेळ किती, तुमच्याकडचं आडनाव आणि अंदाजे वर्ष, आणि एकच प्रश्न: तुमच्याकडे हे आडनाव कुठल्या पॅरिशमधलं? अख्खी वंशावळ आणि पंधरा प्रश्न पाठवले की समोरचा गप्प होतो. तिकडची म्हातारी माणसं मेल आठवड्यातून एकदा उघडतात, महिनाभर थांबा, मग एकदाच आठवण करा. 'आयर्लंड रीचिंग आउट' या फुकट उपक्रमातही पॅरिशनिहाय स्वयंसेवक आहेत. कोणत्या टेकडीखाली कोणत्या रायनांची घरं होती हे त्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे भाट किंवा त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये जे सांगतात तेच, फक्त दक्षिणा नाही.

उत्तर आलं म्हणून लगेच झाडाला फांदी जोडू नका. लोक एकमेकांच्या ऑनलाइन वंशावळी डोळे झाकून उतरवतात आणि एकाच नावाचे दोन शिपाई एक होऊन बसतात. सांगितलेला पॅरिश घ्या, सरकारी साइटवर परत जा, भावंडांचे जन्म काढा, आईचं माहेर सगळीकडे जुळतंय का बघा. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं नाव ठेवायची तिकडे रीत होती, तो एक चांगला पडताळा आहे, पुरावा नव्हे. आणि १९०१ मध्ये ५८ वर्षांचा माणूस १९११ मध्ये एकदम ७१ चा निघाला तर तो दुसरा माणूस समजून सोडून देऊ नका. सत्तरीला पेन्शन देणारा कायदा १९०८ मध्ये झाला होता.