फासे तपासायला काय-वर्ग कसोटी: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने माझ्याकडचे सगळे फासे मी काय-वर्ग (chi-square) कसोटी लावून तपासतोय. पडलेले अंक सरळ फाशाकडून अपेक्षित आकड्यांपासून योगायोगाने पडावा त्याहून जास्त लांब आहेत का, हे ती सांगते. हिशेब सोपा आहे. अंक जितक्या वेळा पडला त्यातून अपेक्षित आकडा (एकूण दानांचा सहावा हिस्सा) वजा करा, फरकाचा वर्ग करा, त्याला अपेक्षित आकड्याने भागा आणि सहाही अंकांची बेरीज घ्या. 5 टक्के पातळीवर, म्हणजे सरळ फासाही शंभरातून पाचदा चुकून दोषी ठरेल एवढी जोखीम धरून, ‘फासा सरळ आहे’ हे गृहीत नाकारायला ती 11.07 च्या वर जावी लागते. कागद-पेन्सिल पुरते.

मला ही पद्धत आवडली ती तिच्यामुळे लागलेल्या शिस्तीसाठी. समजा, 600 दानांत 1 ते 6 हे अंक अनुक्रमे 88, 97, 103, 95, 99 आणि 118 वेळा पडले. 118 बघून कुणीही म्हणेल, फाशात खोट आहे. बेरीज मात्र 5.12 च भरते. पण फक्त सहाचा वेगळा हिशेब मांडला, तर हेच 118 पाच टक्क्यांची रेषा जेमतेम ओलांडतात! मोह होतो तो इथेच. कुठला तरी एक अंक सगळ्यांच्या पुढे राहणारच, मग आकडे पाहून त्यालाच पकडणं बरोबर नाही. सहावर संशय असेल तर तो फासा हातात घेण्याआधीच लिहून ठेवावा. नंतर संशय आला, तर मी नवी दानं टाकतो आणि जुनी त्यांत मिसळत नाही.

सहावरचा संशय तसा निराधार नाही. ठिपके कोरलेल्या फाशात सहाच्या बाजूचं प्लास्टिक जास्त निघतं, समोरची एकची बाजू किंचित जड राहते, आणि जड बाजू खाली जायला बघते. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांच्याकडे 12 फासे 26,306 वेळा टाकल्याची नोंद होती. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी 1900 साली ज्या लेखात ही कसोटी मांडली, त्यातच ती नोंद तपासली. पाच किंवा सहा पडण्याचं प्रमाण 0.3333 ऐवजी 0.3377 निघालं. फरक केवढासा, पण तीन लाखांहून जास्त निकालांमागे तो योगायोगावर ढकलता येत नाही.

तक्रार एकच, आणि ती मोठी आहे: दानं फार लागतात. सहा पडण्याची शक्यता 20 टक्के आणि बाकीच्या प्रत्येक अंकाची 16 टक्के, इतका वाकडा फासासुद्धा दहापैकी आठदा पकडायचा तर सुमारे 1,600 वेळा टाकावा लागतो. 60 दानांत तो बहुतेक वेळा सुटतो. त्यामुळे थोडक्या दानांवर फासा ‘पास’ झाला असं कुणी सांगितलं, तर मी आधी दानं किती टाकली ते विचारतो.

ढीगभर फासे एकदम तपासणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. अगदी सरळ असे 20 फासे 5 टक्के पातळीवर तपासले, तरी त्यांतला निदान एक दोषी ठरण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. असा फासा लगेच फेकून देऊ नका. तेवढाच बाजूला काढून नव्याने टाका आणि नवी नोंद स्वतंत्र तपासा.