२०० एएचची बॅटरी आणि १२ किलो ६०० ग्रॅम वजन

आमच्याकडे तेरा वर्षांपूर्वी बांधून घेतलेला ट्रक कॅम्पर आहे. पिकअपच्या हौद्यावर बसवलेल्या त्या केबिनमध्ये तिघांची झोपण्याची सोय, गॅसची शेगडी आणि बारा व्होल्टवर चालणारा लहान फ्रिज आहे. आईला घेऊन आम्ही कोकणात जातो तेव्हा तिचे इन्सुलिन याच फ्रिजमध्ये असते. मूळच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या थकल्या होत्या, म्हणून गेल्या दिवाळीआधी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका दुकानातून मी बॅटरी, सोलर पॅनेल आणि पॅनेलची वीज बॅटरीत नीट भरणारा चार्ज कंट्रोलर असे सगळेच बदलून घेतले. त्या व्यवहारात माझे ८६ हजार रुपये बुडाले. माझ्यासारखी जुनी गाडी बाळगणाऱ्या कोणावर ही पाळी येऊ नये, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

दुकानदाराने मला लिथियम आयर्न फॉस्फेटची २०० एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) बॅटरी, २५० वॅटची दोन पॅनेल आणि एमपीपीटी, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, कंट्रोलर असा संच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवला होता. बॅटरीची काळी पत्र्याची पेटी समोर ठेवून तो म्हणाला, "साहेब, एका हाताने उचलून बघा. तुमच्या जुन्या बॅटरीला दोन माणसं लागायची. हीच तर लिथियमची खासियत." मी पेटी एका हाताने सहज उचलली आणि मला समाधान वाटले. लिथियमची बॅटरी शिशाच्या बॅटरीपेक्षा पुष्कळ हलकी असते हे खरे आहे, आणि त्या खऱ्या गोष्टीच्या आडच खोटा माल खपवला गेला. किती हलकी असावी यालाही मर्यादा असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पहिल्याच प्रवासात वेळणेश्वरला पहाटे पावणेतीनला आईने हाक मारली, "अरे, फ्रिजचा आवाज बंद झालाय बघ." दिवे आणि पंखेही बंद होते. आमचा फ्रिज, दोन पंखे आणि दिवे मिळून सात अँपिअरपेक्षा जास्त ओढत नाहीत, म्हणजे भरलेली २०० एएचची बॅटरी एक दिवस आणि एक रात्र सहज चालायला हवी होती. आमची मात्र सूर्यास्तानंतर आठ तासांतच संपली. बर्फाचा डबा होता म्हणून इन्सुलिन वाचले.

सानपाड्याला घरी परतल्यावर मी दुकानदाराला फोन केला, तेव्हा "तुमचा लोड जास्त असेल" एवढेच उत्तर मिळाले. म्हणून बॅटरी पूर्ण भरून घेतली आणि गाडीच्या हेडलाइटचे ६० वॅटचे दोन बल्ब तिला जोडून ठेवले. हे दोन बल्ब मिळून साधारण १० अँपिअर घेतात, त्यामुळे ते वीस तासांच्या आसपास जळायला हवेत. सकाळी नऊला लावलेले बल्ब दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी एकदम विझले. म्हणजे बॅटरीत जेमतेम ६२ एएच क्षमता होती. ही चाचणी कोणालाही घरी करता येते. फक्त बल्ब फार तापतात, तेव्हा ते कापड आणि प्लास्टिकपासून दूर ठेवावेत आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

नंतर तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातील एका परिचितांच्या काट्यावर पेटी ठेवली. वजन भरले १२ किलो ६०० ग्रॅम. या रसायनाच्या २०० एएच, १२.८ व्होल्टच्या बॅटरीत नुसते सेलच पंधरा-सोळा किलोंच्या खाली बसत नाहीत, आणि पेटी, तारा व बीएमएस (सेलवर नजर ठेवणारे सर्किट) धरून वजन वीस किलोंच्या घरात जाते. दुकानात साधा काटा असता, तर माझे पैसे वाचले असते.

पेटीवर 'सील तुटल्यास वॉरंटी रद्द' अशी पट्टी होती. ती पट्टी मालाच्या रक्षणासाठी नसून आतला माल दिसू नये यासाठी होती, असे माझे आता ठाम मत आहे. रबाळे एमआयडीसीत बॅटरी दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी कारागिरासमोर, पूर्ण चित्रीकरण करून ती उघडली. आत प्रत्येकी ६ एएचचे, बोटभर लांबीचे दंडगोल सेल होते, पंधरा-पंधराच्या चार ओळी, एकूण साठ. चार ओळी एकामागे एक जोडल्याने व्होल्ट वाढतात, एएच मात्र एकाच ओळीचे धरायचे; त्यामुळे सेल नवे असते तरी त्यांची क्षमता ९० एएच झाली असती. २०० एएचसाठी असे १३६ सेल लागतात. शिवाय निळ्या वेष्टनाखाली जुन्या स्पॉट वेल्डिंगचे डाग होते आणि काहींना तुटलेल्या निकेल पट्टीचे तुकडे तसेच चिकटलेले होते. कुठल्या तरी मोडीत निघालेल्या बॅटरीतून ते काढलेले होते.

पॅनेलची तीच कथा. एका पॅनेलचे माप १२० बाय ५४ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.६५ चौरस मीटर. भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते आणि बाजारातील चांगली पॅनेल त्यातील २० ते २२ टक्के विजेत बदलतात. एवढ्याशा पॅनेलमधून साधारण १४० वॅटपेक्षा जास्त मिळणे शक्य नाही, मग मागच्या लेबलवर काहीही छापलेले असो. कंट्रोलरवर एमपीपीटी असे लिहिले होते. पण दुपारी बॅटरी भुकेली असताना पॅनेलच्या टोकांवर मल्टिमीटर धरला तर तिथे १७-१८ व्होल्ट दिसायला हवे होते, दिसले १३.६. तो पॅनेलचे व्होल्ट बॅटरीच्या पातळीवर ओढून आणणारा साधा, स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर होता.

सर्वांत जास्त संताप आला तो वायरिंगचा. बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य तारेवर एकही फ्यूज नव्हता. ती तार तांब्याची म्हणून दिली होती, पण चाकूने खरवडल्यावर आतून पांढरी निघाली, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. मधे करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर न घालता नवी बॅटरी सरळ गाडीच्या जुन्या अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या जनित्राला, जोडली होती. लिथियम बॅटरी रिकामी असताना जोरात करंट ओढते आणि जुना अल्टरनेटर त्याने जळू शकतो. पैशांची फसवणूक एक वेळ सोसता येईल, परंतु ज्या केबिनमध्ये माझी आई झोपते, तिच्या फळीखाली ही तार होती.

दुकानदाराने बदलून देण्यास नकार दिला आणि "बिल कुठे आहे?" असे विचारले. जीएसटी वाचेल म्हणून मी कच्चे बिल घेतले होते, ही माझी चूक. मात्र ५१ हजार रुपये यूपीआयने दिले होते आणि २०० एएच लिहिलेला त्याचा संदेश माझ्या फोनवर होता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, दुकानदाराने तिला दाद दिली नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. सुनावणी अजून व्हायची आहे. साठही सेल, पेटी आणि ती तार मी कागदात गुंडाळून, तारीख घालून ठेवली आहे.

नवी बॅटरी रबाळ्याच्या त्या कारागिरानेच बांधून दिली. पैसे देण्यापूर्वी त्याने स्वतःहून ती काट्यावर ठेवली, २१ किलो ४०० ग्रॅम, आणि हा आकडा पक्क्या बिलावर क्षमतेच्या शेजारी लिहून दिला.