दसऱ्याचा किंग की दिवाळीनंतरचा स्टीलहेड?

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला पुलास्की नावाचं छोटं गाव आहे. तिथले लोक त्याला 'पुलास्काय' म्हणतात. टग हिलच्या पठारावरून उतरलेली सॅमन रिव्हर या गावातून वाहते आणि पोर्ट ओंटॅरिओला लेक ओंटॅरिओत मिळते. शरद ऋतूत सरोवरातले सॅमन आणि ट्राउट हिच्यातून वर चढतात. न्यू जर्सीतल्या आपल्या वस्तीपासून गाडीने साधारण पाच तास. एकच शनिवार-रविवार मोकळा असेल तर तो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घालवावा की नोव्हेंबरच्या मध्याला, असं दर वर्षी कुणी ना कुणी मला विचारतं.

माझं मत आधीच सांगतो. मासे बघायचे असतील, सोबत मुलं किंवा आई-वडील असतील, तर ऑक्टोबर. स्वतः पाण्यात उतरून गळाला मासा लावायचा असेल तर नोव्हेंबर. नदी तीच, पण या दोन सहलींचं एकमेकींशी फार थोडं जुळतं.

आधी मासे समजून घ्या

कोकणातल्या माणसाला चढणीचे मासे सांगायला नकोत. मृगाचा पाऊस पडून वहाळ भरले की पोटात गाबोळी असलेले मासे उलट्या धारेला लागतात आणि पार भाताच्या खाचरात शिरतात. रायगडात त्याला वलगण म्हणतात. सॅमन रिव्हरमध्येही हीच चढण आहे, फक्त तिचं निमित्त वेगळं. इथे दिवस लहान होतात, पाणी गार होतं आणि मासा ज्या पाण्यात जन्मला त्या पाण्याचा वास ओळखत परत येतो. आपली चढण थोड्या दिवसांत उरकते, ही काही महिने चालते आणि त्यात माशांच्या पाळ्या लागतात.

पहिली पाळी चिनूक सॅमनची. सगळे त्याला 'किंग' म्हणतात. ऑगस्टच्या अखेरीस एखाद-दुसरा दिसतो, पण खरी गर्दी सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्याच सुमारास कोहो सॅमनही येतो. तीन-चार वर्षं सरोवरात वाढलेला किंग सात ते अकरा किलोंचा असतो. 1991 साली याच नदीत 47 पौंड 13 औंसांचा, म्हणजे जवळजवळ 22 किलोंचा किंग मिळाला होता आणि तो राज्याचा विक्रम ठरला. नदीत शिरल्यावर किंग खाणं सोडतो, अंगातल्या चरबीवर चढतो, अंडी घालतो आणि मरतो.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात किंवा मोठ्या सरोवरात जाऊन वाढणारा रेनबो ट्राउट. तो ऑक्टोबरमध्ये किंगच्या मागोमाग नदीत येतो, कारण किंगची गाबोळी दगडागोट्यांतून सुटून वाहत असते आणि ती त्याला हवी असते. नोव्हेंबरात तो नदीभर पसरतो, हिवाळा इथेच काढतो, मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालतो आणि जगला तर सरोवरात परततो. सगळी तुलना या फरकावर उभी आहे. ऑक्टोबरचा मासा उपाशी आणि मरणाच्या वाटेवर असतो, नोव्हेंबरचा भुकेला आणि जगायला निघालेला.

यातला एकही मूळचा इथला नाही. लेक ओंटॅरिओचा स्वतःचा अटलांटिक सॅमन होता. बंधारे, जंगलतोड आणि बेसुमार मासेमारी यांनी तो 19व्या शतकाच्या अखेरीपर्यंत संपवला. पुढे समुद्रातून शिरलेल्या एलवाइफ नावाच्या हेरिंगच्या जातीच्या लहान माशाने मोठ्या सरोवरांत अतोनात वाढून उच्छाद मांडला. त्याला खाणारं कुणी हवं, म्हणून मिशिगनने 1966 साली पॅसिफिक किनाऱ्यावरचे सॅमन आपल्याकडे सोडले आणि दोन वर्षांत न्यूयॉर्कनेही तेच केलं. आज नदीवर आल्टमार इथे 1980 साली बांधलेलं सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे. शिवाय बऱ्याच किंगांची पिल्लं आता नदीतच आपोआप जन्मतात.

ऑक्टोबर: गर्दी, आवाज आणि किंग

दसरा आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची कोलंबस डेची सुट्टी बहुतेक आगेमागेच येतात. त्या सुट्टीला पुलास्कीत खोली मिळणं कठीण, गाडी लावायला जागा त्याहून कठीण. अंधारातच डोक्याला दिवे लावलेली माणसं नदीकडे निघालेली दिसतात. नाव असलेल्या डोहांवर माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. कुणाला मासा लागला की 'फिश ऑन!' अशी आरोळी उठते आणि शेजारच्यांनी आपापले दोरे गुंडाळून त्याला वाट द्यायची, ही इथली रीत. ती पाळा. दहा किलोंचा किंग धारेबरोबर खाली पळत सुटला तर तो कुणाच्याही दोऱ्यात गुंतू शकतो.

नवख्याला जे कुणी सांगत नाही ते असं: किंग खात नसल्यामुळे तो आमिष तोंडात घेतो ते चिडून किंवा सवयीने. मासे इतके दाटीने असतात की वाहता दोरा त्यांच्या अंगावर घासत जातो आणि गळ पाठीत, शेपटीत, कल्ल्याबाहेर रुततो. एके काळी इथे असं मुद्दाम ओरबाडून मासे काढायला परवानगी होती. ती 1990च्या दशकात कायमची बंद झाली. आता तोंडाबाहेर गळ लागलेला मासा ताबडतोब सोडावा लागतो, तसा कायदाच आहे. तरीही ऑक्टोबरच्या गर्दीत पाठीला लागलेल्या माशाशी अर्धा तास झोंबणारी माणसं दिसतात. मला ते बघवत नाही. त्या माशाकडे उरलेलं बळ अंडी घालण्यापुरतंच असतं आणि ते आपण आपल्या मजेसाठी खर्च करवतो. पाठीला लागला असं कळलं की दोरा तोडावा आणि मोकळं व्हावं.

बघायला मात्र ऑक्टोबरसारखा महिना नाही. गावातल्या पुलावरून खाली पाहिलं की धारेत डोकं घालून उभे असलेले काळपट लांबलचक मासे दिसतात. उथळ पाण्यात मादी आडवी होऊन शेपटीने गोटे उडवते, खळगा करते आणि त्यात अंडी सोडते. अशा खळग्याची जागा आजूबाजूच्या शेवाळल्या तळापेक्षा स्वच्छ आणि फिकट दिसते. तिच्यावर पाय देऊ नका आणि तिथे बसलेल्या माशांवर गळही टाकू नका. आल्टमारच्या केंद्रात माशांची शिडी, म्हणजे मासे टप्प्याटप्प्याने वर चढतात अशी पाण्याची पायऱ्यांची वाट आहे. साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिथे किंगची गाबोळी काढण्याचं काम सुरू होतं आणि पाहुण्यांना ते बघता येतं. गेल्या खेपेला माझ्या मित्राचे वडील चिपळूणहून आले होते. ते त्या काचेसमोरून हलायला तयार नव्हते. संध्याकाळपर्यंत आम्हाला ते त्यांच्या वहाळातल्या चढणीबद्दल सांगत होते, मासा कुठल्या बाजूने खडक चढतो इथपर्यंत. त्या दिवशी आम्ही मासेमारीचा परवानाही काढला नव्हता आणि काही कमी पडलं नाही.

नोव्हेंबर: थंडी, कमी माणसं आणि स्टीलहेड

दिवाळीचा फराळ संपत आला की नदीवरची गर्दी ओसरते. किंग मेलेले असतात, काठावर त्यांचे सांगाडे पडलेले असतात. पहिल्यांदा येणाऱ्याला तो वास आणि ते दृश्य उदास वाटतं, पण त्याच कुजण्यावर नदीतले किडे-कीटक पोसले जातात.

स्टीलहेड तीन ते पाच किलोंचा, किंगच्या निम्माही नाही. तरी ज्याला दोन्ही लागले आहेत त्याला विचारा, तो स्टीलहेडचंच बोलेल. किंग बैलासारखा ओढतो. स्टीलहेड गळ लागताच पाण्याबाहेर उडी घेतो, मग दुसरी, आणि तुम्ही सावरेपर्यंत तीस-चाळीस मीटर खाली गेलेला असतो. मुख्य म्हणजे त्याने आमिष स्वतःहून घेतलेलं असतं. दोऱ्यावरचा तरंगता फ्लोट बुडतो, तुम्ही रॉड उचलता, गळ ओठाच्या कोपऱ्यात असतो. मासेमारी म्हणजे हेच, असं मला वाटतं.

पण तो सहज मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये दिवसाला पाच-सहा मासे लागून सुटतील, नोव्हेंबरात पूर्ण दिवसात दोन लागले तरी दिवस चांगला म्हणायचा. एकही न लागण्याची तयारी हवी. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेलेली असतात, साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळतो. रात्री मासेमारीला बंदी आहे, त्यामुळे हाती दहा-साडेदहा तास. सरोवरावरून येणारा बर्फ टग हिलवर कोसळतो आणि तो नोव्हेंबरातही गाठू शकतो. गाडीचे टायर त्या हिशेबाने बघून घ्या. रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो, तो बोटांनी काढत राहावा लागतो.

दोन्हींच्या मधला, ऑक्टोबर अखेरचा आठवडा, ब्राउन ट्राउटचा. गर्दी निवळलेली आणि थंडी बेताची असते, स्टीलहेडही आलेले असतात. पण कधी किंग संपलेले आणि स्टीलहेड अजून तुरळक, असा रिकामा आठवडाही हाती लागतो. जवळ राहणाऱ्याने ती जोखीम घ्यावी, पाच तास गाडी हाकून येणाऱ्याने नको.

पाणी

हा भाग दोन्ही महिन्यांना लागू आहे आणि चुकवू नये. नदीचं पाणी वरच्या वीजधरणातून सोडलं जातं. सप्टेंबर ते डिसेंबर किमान 335 क्युसेक सोडावं, असं धरणाच्या परवान्यातच ठरलेलं आहे. कोयनेच्या विसर्गाच्या बातम्या वाचणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण या नदीत 335 म्हणजे चालायला सोयीचं पाणी. ऑक्टोबरात बहुधा ते याच्या आसपास असतं. नोव्हेंबरच्या पावसाने धरण भरलं की विसर्ग 750, 1000, कधी त्याहूनही वर जातो. 750च्या वर नवख्याने नदी ओलांडू नये असं मी सांगतो. विसर्गाचा आकडा ऑनलाइन मिळतो. आदल्या रात्री बघा आणि सकाळी निघण्याआधी पुन्हा बघा.

तळ गोट्यांचा आणि भयंकर निसरडा. पहिल्या वर्षी मी साध्या रबरी तळव्याच्या बुटांत उतरलो आणि कमरेइतक्या पाण्यात आडवा झालो. वेडर्समध्ये, म्हणजे पाण्यात उतरायच्या छातीपर्यंतच्या विजारीत, पाणी शिरलं, काठावरच्या एका अनोळखी माणसाने हात दिला म्हणून उभा राहिलो. बुटांना खिळे हवेत, कमरेला पट्टा घट्ट हवा, हातात काठी हवी. नोव्हेंबरात पाणी चार-पाच अंशांवर असतं, तेव्हा पडणं जिवावर बेतू शकतं.

सामान आणि खर्च

किंगला जाड दोरा आणि दणकट रॉड लागतो. 15 ते 20 पौंडांचा, म्हणजे तेवढा ताण सोसणारा दोरा वापरा, बारीक दोऱ्याने मासा फक्त थकून मरतो. स्टीलहेडला उलट, दोऱ्याच्या टोकाला गळाजवळ 8 ते 10 पौंडांचा फ्लोरोकार्बनचा, म्हणजे पाण्यात सहज न दिसणारा तुकडा, लांब लवचीक रॉड, फ्लोट, आणि आमिष म्हणून जाळीच्या पुरचुंडीत बांधलेली गाबोळी किंवा तशाच रंगाचा मणी. गावातल्या दुकानात सगळं मिळतं आणि भाड्याने वेडर्सही मिळतात. एका रॉडवर दोन्ही निभावायचा प्रयत्न करू नका.

नोव्हेंबरसाठी पहिल्या दिवशी गाईडची होडी करावी असं मला मनापासून वाटतं. दोघांत वाटून घेतली तरी महागच पडते, पण फ्लोटची खोली किती ठेवायची आणि धारेच्या कुठल्या कडेला मासा उभा असतो हे एका दिवसात कळतं, नाहीतर दोन हंगाम जातात. ऑक्टोबरात मासे डोळ्यांना दिसतात, गाईडवाचून चालतं. मुखाजवळ डग्लस्टनचा खाजगी पट्टा आहे. तिथे दिवसाचा पास काढून, ठरावीक माणसांनाच सोडतात. सरोवरातून नुकते आलेले चंदेरी मासे तिथे आधी पोचतात. ऑक्टोबरचे पास लवकर संपतात. फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसा-दोऱ्याच्या नकली माशीने मासेमारी करणाऱ्यांसाठी आल्टमारला राखीव पट्टे आहेत, तिथे पकडलेला मासा सोडावाच लागतो.

आणि कालवण?

हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातोच, म्हणून स्पष्ट सांगतो. किंगच्या आशेने मसाला बांधून नेऊ नका. नदीत चढलेल्या किंगची चरबी जळालेली असते, मांस फिकट आणि लिबलिबीत होतं, तळलं तरी चव येत नाही. स्टीलहेडचं मांस चांगलं असतं, पण दिवसाला एकच ठेवता येतो, तोही ठरलेल्या लांबीच्या वरचा असेल तर. लांबीचा नियम बदलतो, त्या वर्षीची सरकारी पुस्तिका बघून घ्या. शिवाय लेक ओंटॅरिओच्या मोठ्या माशांत पीसीबी आणि मायरेक्स ही जुन्या कारखान्यांची विषं साठलेली आहेत. राज्याच्या आरोग्य खात्याने कोणी किती खावं याच्या मर्यादा घातल्या आहेत. मुलांसाठी आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी त्या जास्त कडक आहेत. घरी गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर मासा आणूच नका.

मी स्टीलहेड सगळे सोडतो. हात ओले करून, मासा पाण्यातच ठेवून गळ काढायचा, गोट्यांवर ओढायचा नाही. मग त्याचं तोंड धारेकडे करून शेपटीजवळ हलकेच धरायचं. गार पाण्यात त्याला फार वेळ लागत नाही. शेपटी एकदा जोरात हलली की बोटं सैल करायची.