पेडल नसलेली लॅप स्टील गिटार: हँक विल्यम्सच्या साथीदारांमागे लागून काही महिने वापरल्यावर

पावसाळ्याच्या तोंडावर सहा तारांची इलेक्ट्रिक लॅप स्टील घेतली, आता थंडी सरत आली. ब्रँड मुद्दाम सांगत नाही. या किमतीतल्या बहुतेक लॅप स्टील एकाच घराण्यातल्या असतात: जाडसर लाकडी फळी, तारांचा आवाज उचलणारा एक पिकअप, व्हॉल्यूम आणि टोनची दोन बटणं, आणि फ्रेटच्या, म्हणजे साध्या गिटारवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जागी नुसत्या छापलेल्या रेघा. गिटार मांडीवर आडवी, उजव्या हातात अंगठ्याचा आणि दोन बोटांचे पिक, डाव्या हातात पोलादी बार. एवढंच वाद्य.

या गिटारवर जे व्हिडिओ दिसतात, त्यातले बरेच आवाज फाडून ब्लूज वाजवणाऱ्यांचे. मला ते नको होतं. अमेरिकी कंट्री गायक हँक विल्यम्स गायला लागायच्या आधी रेकॉर्डवर जे काही सेकंद वाजतं, ते मला हवं होतं. 'युअर चीटिन हार्ट'ची सुरुवात ऐकलेल्यांना कळेल. उंच, धारदार, किंचित रडवेली, पण नाकात न बोलणारी ती स्टील डॉन हेल्म्सची. तेव्हा हा अनुभव 'गिटार कशी आहे' याचा कमी आणि 'हिच्यावर हेल्म्स निघतो का' याचा जास्त आहे. निघतो, बऱ्यापैकी निघतो. आणि या गिटारची जी गोष्ट उणीव म्हणून सांगतात, म्हणजे पायाने दाबून सूर वाकवायचं पेडल नसणं, तीच या कामासाठी हवी आहे.

हेल्म्स १९२७ साली अलाबामातल्या न्यू ब्रॉक्टनला जन्मला. विशी गाठायच्या आधीच तो हँकच्या 'ड्रिफ्टिंग काउबॉइज'मध्ये होता. रस्त्याकडेच्या दारू-नाचाच्या अड्ड्यांवर वाजवायचे ते दिवस. हेल्म्स स्वतः सांगायचा तो किस्सा असा, की हँक नव्या पोरांना गहाणवटीच्या दुकानात घेऊन गेला आणि प्रत्येकाला मारामारीसाठी एकेक छोटा सोटा घेऊन दिला. माझ्यासोबत वाजवायचं तर हे लागेलच, म्हणून. १९४८ साली हँक लुइझियानातल्या रेडिओ कार्यक्रमाकडे गेला तेव्हा हेल्म्स गेला नाही. पुढच्या वर्षी हँक नॅशव्हिलला 'ग्रँड ओल ओप्री' या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमात पोचला, तेव्हा हेल्म्स परत आला आणि शेवटपर्यंत राहिला. हँकच्या शंभराहून जास्त गाण्यांवर त्याची स्टील आहे. त्याच्याकडे होती गिब्सनची 'कन्सोल ग्रँड', दोन गळ्यांची, म्हणजे तारांच्या दोन फळ्यांची, प्रत्येक गळ्यावर आठ तारा. पेडल एकही नाही.

आता वापराकडे येते.

पहिले काही आठवडे मी मधल्या भागातच वाजवत होते, तिथे हात आपोआप जातो. सूर बरे लागायचे, पण रेकॉर्डसारखं काही ऐकू येईना. फरक उंचीचा आहे. हँकचे निर्माते आणि प्रकाशक फ्रेड रोज यांनी हेल्म्सला वरच्या सुरांत राहायला सांगितलं होतं. हँकचा गळा मधल्या पट्टीत असायचा, त्याच पट्टीत स्टीलही आली तर दोघं एकमेकांना झाकतात. शिवाय ही गाणी ऐकली जाणार होती ती गाडीतल्या रेडिओवर आणि बारमधल्या ज्यूकबॉक्सवर, जिथे खालचे सूर गढूळ होऊन जातात. उंच स्टील मात्र आरपार येते. आज फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर तीच गाणी लावून बघा, बेस जवळपास नाहीसा होतो आणि हेल्म्स तसाच ऐकू येतो.

पण वर जायचं म्हणजे जागा आक्रसते. माझ्या गिटारची तारेची लांबी साडेबावीस इंच आहे. खाली पहिल्या रेघेपर्यंत सव्वा इंच मोकळं अंतर मिळतं. सोळाव्या आणि सतराव्या रेघेत जेमतेम अर्धा इंच. बार एक केसभर सरकला की सूर कणसूर. आणि इथे खरे फ्रेट नाहीत, रेघ फक्त डोळ्यांना दिसते. तीसुद्धा बरोबर वरून पाहिलं तरच खरी. मान वाकडी असेल तर बार रेघेवर दिसतो आणि सूर भलतीकडे असतो. आरसा लावणं, व्हिडिओ काढणं वगैरे उपाय लोक सांगतात. मला उपयोग झाला तो तानपुऱ्याच्या ॲपचा. षड्ज चालू ठेवायचा आणि डोळे मिटून बार सरकवायचा. हेल्म्सच्या रेकॉर्डिंगमध्ये तो उंचावर सरळ सुरावर जाऊन बसतो, चाचपडत नाही. ते ऐकताना सोपं वाटतं, हातात बार आला की कानाला हात लावावा लागतो.

ज्यांचा कान मींड ऐकून तयार झालाय त्यांना एक वेगळीच अडचण येईल, मलाही आली. आपल्याकडे ही गिटार हवाईहून आलेली. जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे ही पद्धत रुजवली असं मानतात. मग व्हॅन शिपले यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धून तिच्यावर वाजवल्या, पुढे ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग मांडले. ही गिटार ऐकत वाढलेल्या माणसाला एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट दाखवायची सवय असते. हेल्म्सची घसरण आखूड आहे. तो सुराच्या थोडा खालून येतो, ठेक्यावर पोचतो आणि थांबतो. कंपन लगेच नाही, सूर क्षणभर सरळ उभा राहिला की मग सुरू होतं. शिवाय तो बरेचदा दोन तारा एकदम छेडतो, म्हणजे सरकतात ते दोन सूर, आपापसातलं अंतर न सोडता. ही आपली मींड नाही. मींड काढून टाकायला मला सूर शोधण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आणि तारा दाबणं. एकदा छेडलेली तार पुढचा सूर लागला तरी घुमत राहते, बार उचलला की भलतेच सूर किंचाळतात. उजव्या तळहाताची कड प्रत्येक सुरानंतर तारांवर टेकवावी लागते आणि डाव्या हाताची मोकळी बोटं बारच्या मागे फरपटत न्यावी लागतात. विकणारा हे सांगत नाही. वाद्यातला निम्मा रियाज आवाज काढण्याचा नसून आवाज बंद करण्याचा आहे.

तारांबद्दल नीट लिहिते, कारण इथे पैसे वाया जातात. गिटारवर आलेल्या तारा सी-सिक्स्थ जुळणीच्या होत्या. खालून वर सी, ई, जी, ए, सी, ई. सी हा षड्ज धरला तर सा ग प ध सां गं. बार कुठेही आडवा ठेवून सगळ्या तारा छेडल्या की सुरेल काहीतरी निघतंच, त्यामुळे सुरुवात करायला उत्तम. हेल्म्सची जुळणी मात्र ई-सिक्स्थच्या घरातली, म्हणजे हीच चौकट चार अर्धस्वर वर. त्याच तारा तशाच चढवल्या तर ताण दीडपटीहून जास्त होतो. तार तुटली नाही तरी खुंट्या कुरकुरतात आणि इतक्या स्वस्त गिटारच्या गळ्यावर मी ते लादणार नाही. सुट्या, पातळ तारा घ्याव्या लागतात; सर्वांत वर मी .०११ इंचाची लावली. गिटारसोबत मिळालेला बार हलका आणि नळीसारखा पोकळ होता, तो बाजूला ठेवून भरीव पोलादी, पुढून गोल बार घेतला. आवाजात सर्वांत मोठा फरक याने पडला, तारांनीही एवढा नाही.

सी-सिक्स्थ सोडायचीच असं नाही, कारण मग जेरी बर्ड येतो. हँकच्या नावाभोवती हेल्म्सचं नाव इतकं घट्ट बसलंय की बर्ड विसरला जातो. 'लव्हसिक ब्लूज' २२ डिसेंबर १९४८ ला सिनसिनाटीच्या हर्झॉग स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं, त्यावर स्टील बर्डची. 'आय ॲम सो लोनसम आय कुड क्राय' ३० ऑगस्ट १९४९, तोच स्टुडिओ, तोच बर्ड. ओहायोतल्या लिमाचा हा माणूस मनाने हवाईचा होता आणि १९७२ साली तिकडेच राहायला गेला. सी-सिक्स्थ जुळणीच्या प्रसाराचं मोठं श्रेय त्याला देतात. त्याचा सूर गोल आणि मऊ, कंपन रुंद, घाई कुठेच नाही. माझ्या गिटारवर टोनचं बटण बरंचसं बंद केलं आणि पिक पुलापासून, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या टोकापासून, दूर नेला की त्या बाजूला थोडं जाता येतं. बटण पूर्ण उघडलं आणि पुलाजवळ छेडलं की हेल्म्सची धार येते. दोन बटणांच्या वाद्यात एवढा आवाका असेल असं वाटलं नव्हतं.

हेल्म्स ऐकताना आणखी एक बघा: तो कितीदा वाजवत नाही. ओप्रीच्या मंचावर तेव्हा ड्रम चालत नसत. ठेका धरायचा तो बेसने आणि गिटारवाल्या सॅमी प्रुएटने, खालच्या तारा दाबून टकटक करत. गाण्याला सांगाडा त्यांचा, जेरी रिव्हर्सचं फिडल एका अंगाला, आणि स्टीलच्या वाट्याला सुरुवात, मधला तुकडा आणि ओळींमधल्या फटी. हँक ओळ संपवून श्वास घेतो तेवढ्यात हेल्म्सने दोन सूर टाकून बाजूला व्हायचं. 'कोल्ड, कोल्ड हार्ट' (डिसेंबर १९५०, नॅशव्हिलचा कासल स्टुडिओ) लावून फक्त या फटी ऐका. नाट्यसंगीतातली चांगली पेटी ज्यांनी ऐकलीय त्यांना हा शहाणपणा ओळखीचा वाटेल. मी रेकॉर्डसोबत वाजवते तेव्हा प्रत्येक फट भरून टाकायचा मोह होतो, आणि भरली की गाणं बिघडतं.

१ जानेवारी १९५३ ला हँक गेला, वय अवघं २९. हेल्म्सचं काम थांबलं नाही. पॅट्सी क्लाइनच्या 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'वर तोच आहे, १९५६ च्या अखेरीस केलेलं रेकॉर्डिंग. लेफ्टी फ्रिझेलच्या 'लाँग ब्लॅक व्हेल'वरही तोच. विल्बर्न बंधू या गायकांसोबत त्याने 'विल-हेल्म' नावाची कलाकारांची एजन्सीही चालवली. पण १९५४ साली त्याच्या वाद्याची बाजारपेठ एका गाण्याने उलथी केली. वेब पिअर्सच्या 'स्लोली'वर बड आयझॅक्सने पेडल दाबून सूर वाजत असतानाच वाकवला. एक सूर जागेवर आणि शेजारचा चढतोय, हे नुसत्या बारने तसं होत नाही. नॅशव्हिलमधले स्टीलवाले पेडलमागे धावले. हेल्म्सने आपली कन्सोल ग्रँड सोडली नाही, बर्डनेही पेडल घेतलं नाही.

म्हणून घेणाऱ्यांनी आधी आपल्या कानाला विचारावं. डोक्यात जो 'कंट्रीचा रडका आवाज' आहे तो १९६० नंतरचा असेल, तर तो पेडल स्टीलचा आहे आणि ही गिटार तुम्हाला तो देणार नाही. बार तिरका धरून थोडीफार नक्कल होते, पण ती कसरत आहे. ते वाद्य पायांवर उभं, वजनदार, भारतात मिळायला अवघड आणि किमतीला या गिटारच्या कैक पट. डोक्यात १९४९ ते १९५२ चा हँक असेल, तर या फळीपलीकडे काही लागत नाही.

तक्रारी आहेत. पिकअप एका कॉइलचा असल्याने ट्यूबलाइट लागली की गुंगुं सुरू होते, इन्व्हर्टरवर तर विचारू नका. गिटारचं तोंड दुसऱ्या भिंतीकडे फिरवलं की कमी होते. मी खोलीत एक कोपरा शोधून ठेवलाय. जुलै-ऑगस्टमध्ये तारा गंजल्या, बारवर ओलसर डाग पडले आणि गंजलेल्या तारेवर बार सरकताना जो खरखराट येतो तो ॲम्प इमाने इतबारे मोठा करून ऐकवतो. वाजवून झालं की तारा पुसायच्या, बार कोरड्या फडक्यात गुंडाळायचा. खुंट्या सुमार आहेत, दर बैठकीला जुळवणं आलंच. सोबतची पिशवी लवकर उसवली.

चांगलं काय, तर खुर्ची लागत नाही. गादीवर मांडी घालून बसलं की गिटार नीट बसते, आणि पेटी-तबल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ही बैठक अंगवळणी पडलेली असते. हेडफोनवर वाजतं, त्यामुळे रात्रीही शेजारी शांत. साधी गिटार वाजवणाऱ्यांनी डाव्या हाताची सगळी विद्या विसरून यावं. सतार, व्हायोलिन किंवा गाणं शिकलेल्यांना फायदा होईल, कारण इथे सूर डोळ्याने नाही, कानाने सापडतो.

आधी नुसतं चाखून बघायचं असेल, तर घरातल्या जुन्या गिटारच्या वरच्या टोकाला नट राइझर नावाची छोटी पट्टी बसवा, तारा उंच होतात आणि बार चालतो. खर्च काही शे रुपये. त्यावर 'लव्हसिक ब्लूज'मधले बर्डचे तुकडे महिनाभर वाजवा. तेवढ्यावर भूक भागली नाही, तर लॅप स्टील घ्या, आणि जमलं तर पहिल्याच खेपेला आठ तारांची घ्या. मी पुढची तीच बघतेय. सहा तारांत हेल्म्सचे वरचे सूर आणि खालचा आधार एकाच जुळणीत बसत नाहीत, एक निवडावं लागतं.